तलावाचा २० वर्षांचा आराखडा: आधी नाला, मग गाळ, शेवटी बाक

शहरातल्या तलावासाठी आराखडा करायला लोक जमले की पहिल्या काही मिनिटांतच चालण्याचा पट्टा, बाक, दिवे आणि कारंजं यांची यादी तयार होते. साहजिक आहे, काठावर उभं राहिल्यावर काठच दिसतो. पण तलावाचं पाणी ठरतं ते पाणलोट क्षेत्रात, म्हणजे ज्या छतांवर, रस्त्यांवर, अंगणांत आणि मैदानांवर पडलेला पाऊस वाहत वाहत शेवटी या तलावात येतो तिथे. म्हणून कामांचा क्रम हाच आराखड्याचा गाभा आहे. आधी येणारं पाणी, मग तळातला गाळ, त्यानंतर काठ आणि बाग. क्रम उलटला की नव्या कोऱ्या पट्ट्यावरून नाकाला रुमाल लावून फिरायची वेळ येते, आणि पुढे गाळ काढायचा ठरला की यंत्रं आत नेण्यासाठी तोच पट्टा फोडावा लागतो.

पाणी नेमकं कुठून येतं

पाणलोटासाठी एक नकाशा पुरत नाही. जमिनीच्या उतारावरून काढलेली हद्द वेगळी आणि पावसाळी गटारांची जाळी वेगळी. उंचवट्यापलीकडच्या वस्तीचं पाणी नळांतून इकडे वळवलेलं असतं, तर तलावाला लागून असलेला रस्ता भलतीकडेच वाहत असतो. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवल्यावरच खरी हद्द कळते. या हद्दीत राहणाऱ्या कित्येकांनी तलाव कधी पाहिलेलाही नसतो, तरी बैठकीला त्यांना बोलवायला हवं, कारण तलावात काय येणार हे त्यांच्या गटारांवर अवलंबून आहे.

पुढचं काम पायी करायचं. तलावात उघडणारं प्रत्येक तोंड शोधा, मग तो नाला असो, नळ असो की भिंतीतलं भोक. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि तो तिथेच रंगवा. शेवटच्या पावसानंतर किमान आठवडाभर कोरडा गेला की सगळी तोंडं एकाच दिवशी तपासा. पाऊस नसताना ज्या तोंडातून पाणी वाहतंय त्याचं उत्तर तिघांपैकी एक असतं: सांडपाणी, फुटलेली जलवाहिनी किंवा जमिनीतला झरा. ओळखायला साधे तपासणी संच पुरतात. अमोनिया जास्त आणि डिटर्जंटचा अंश असेल तर सांडपाणी. क्लोरीन सापडला तर पिण्याच्या पाण्याची गळती. मात्र क्लोरीन लवकर उडून जातो, म्हणून ही चाचणी जागेवरच करायची. यातलं काहीच नाही, पाणी नितळ आहे आणि दिवसभर त्याचं तापमान फारसं बदलत नाही, तर तो झरा असण्याची शक्यता मोठी. काठाचं काँक्रीट करताना असे झरे सर्रास बुजवले जातात. नकाशावर ते सांडपाण्याच्या तोंडांइतक्याच ठळकपणे दाखवायला हवेत.

कोरड्या दिवशी जे तोंड बंद दिसतं ते पहिल्या जोरदार पावसात पुन्हा पाहायचं. रस्त्यावर साठलेलं तेल, रबराची भुकटी, माती आणि कचरा यांचा मोठा भाग सुरुवातीच्या लोंढ्याबरोबर येतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात भरलेल्या बाटल्या पुढे प्रत्येक वादात पुरावा म्हणून कामी येतात.

एक हिशेब मांडून बघू

कल्पनेतला एक तलाव घ्या. पसारा १० हेक्टर, सरासरी खोली २ मीटर, म्हणजे पाणी २ लाख घनमीटर. पाणलोट २०० हेक्टर, वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर, आणि त्यातला ४० टक्के वाहून तलावात येतो असं धरा. येणारं पाणी होतं ६ लाख ४० हजार घनमीटर. साठ्याला या आकड्यानं भागलं की कळतं की सरासरीनं सुमारे ११४ दिवसांत तलावाचं पाणी बदलतं. हा काळ प्रत्येक तलावासाठी काढायलाच हवा. पाणी काही दिवसांत बदलत असेल तर तलावाच्या आत केलेले उपचार वाहून जातात. ते वर्षानुवर्षं साठून राहत असेल तर एकदा आत आलेली घाण तिथेच फिरत राहते.

आता फॉस्फरस. गोड्या पाण्यात शेवाळ किती माजेल हे बहुतेक वेळा याच एका घटकावर ठरतं. शहरी पावसाच्या पाण्यात लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम फॉस्फरस धरला तर वर्षाला १९२ किलो येतो. याच पाणलोटातल्या २,००० माणसांचं मैलापाणी चुकीच्या जोडण्यांमुळे पावसाळी गटारात जात असेल तर? माणशी दिवसाला १.५ ग्रॅम फॉस्फरस धरला तरी वर्षाला १,०९५ किलो होतो. माणशी १०० लिटरप्रमाणे हे सांडपाणी भरतं वर्षाला ७३ हजार घनमीटर. म्हणजे पाण्याच्या मापानं पावसाच्या नवव्या हिश्शाइतकंच, पण फॉस्फरसच्या मापानं साडेपाचपटीहून जास्त. शिवाय पाऊस काही महिने येतो, सांडपाणी रोज येतं. हा हिशेब एका कागदावर मांडून बैठकीत ठेवला की पहिला पैसा कुठे घालायचा यावर वाद उरत नाही.

सांडपाणी अडवताना एक चूक फार वेळा होते. सगळी तोंडं एका मोठ्या नळात घेऊन तो तलावाला वळसा घालून खाली सोडला जातो. घाण थांबते, आणि तिच्याबरोबर पावसाचं पाणीही थांबतं. दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन झालं तर १०० कोरड्या दिवसांत अर्धा मीटर पाणी उडून जातं. ते भरून काढणारा ओघच तोडला तर दोन-तीन वर्षांत तलावाचं डबकं होतं. योग्य रचना अशी: प्रत्येक तोंडाशी एक चेंबर, त्यात एक ठेंगणा अडथळा. रोजचा बारीक प्रवाह अडथळ्याआधीच मैलावाहिनीत उतरतो, आणि पावसाचं मोठं पाणी अडथळ्यावरून तलावात जातं. अडथळ्याची उंची हा सगळ्यात नाजूक भाग आहे. ती कमी पडली तर सकाळच्या गर्दीच्या वेळचं सांडपाणी तलावात उतरतं, जास्त झाली तर मध्यम पाऊससुद्धा मैलावाहिनीत जाऊन शुद्धीकरण केंद्रावर ताण येतो. म्हणून अडथळा पक्का बांधण्याऐवजी फळ्या घालून-काढून कमीजास्त करता येईल असा ठेवावा, आणि पहिले दोन पावसाळे नोंदी घेऊन उंची ठरवावी. हा चेंबर तात्पुरता उपाय आहे, हेही आराखड्यात लिहून ठेवायला हवं. कायमचा उपाय म्हणजे चुकीची जोडणी घरापर्यंत शोधून ती दुरुस्त करणं. गटारात निरुपद्रवी रंग किंवा धूर सोडून या जोडण्या सापडतात. काम किचकट आहे, पण त्याला पर्याय नाही.

शुद्ध केलेलं पाणीही तलाव बिघडवतं

याचा धडा अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टननं दिला. १९५० च्या दशकात त्या तलावात भोवतालच्या गावांचं सांडपाणी प्रक्रिया करून सोडलं जात होतं. प्रक्रियेत सडणारा मैला निघून जायचा, पण फॉस्फरस मोठ्या प्रमाणात तसाच राहायचा. १९५५ मध्ये तिथे ऑसिलेटोरिया रुबेसेन्स हे नीलहरित शेवाळ दिसलं. वॉशिंग्टन विद्यापीठाचे डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी त्याचा अर्थ ओळखला आणि पुढे काय होणार हे लोकांना समजेल अशा भाषेत सांगितलं. कारण युरोपातल्या तलावांची घसरण याच वाटेनं झाली होती.

अडचण कारभाराची होती. तलावाभोवती अनेक स्वतंत्र नगरपालिका होत्या आणि तलाव कुणा एकीचा नव्हता. वकील जेम्स एलिस आणि त्यांच्याबरोबरच्या नागरिकांनी या सगळ्यांसाठी एकच सांडपाणी यंत्रणा असावी असा प्रस्ताव मांडला. मार्च १९५८ मधल्या मतदानात तो पडला. प्रस्तावाची व्याप्ती आणि हद्द कमी करून सप्टेंबर १९५८ मध्ये पुन्हा मतदान झालं, आणि तो मंजूर झाला. १९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्यानं सांडपाणी तलावापासून वळवलं गेलं. त्याआधी जेमतेम १ मीटर असलेली पाण्याची पारदर्शकता १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ३ मीटरच्या घरात पोचली. शेवाळ पहिल्यांदा दिसल्यापासून तिथवर यायला पंधराएक वर्षं लागली, आणि तेही तलाव खोल होता, वेळीच पावलं उचलली गेली होती, म्हणून.

आपल्या आराखड्यात याचा उपयोग असा: शुद्धीकरण केंद्राचं पाणी तलावात सोडायचं असेल तर फॉस्फरस काढण्याची पायरी त्या केंद्रात आहे का, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात तो लिटरमागे किती मिलिग्रॅम असेल, हे करारात लिहून घ्या. ‘निकषांनुसार शुद्ध’ एवढ्या शब्दांवर विसंबू नका, कारण नदीत सोडण्याचा निकष साचलेल्या पाण्याला पुरत नाही. त्यापुढे हे पाणी पाणथळीतून फिरवून तलावात सोडता येतं. बंगळुरूच्या जक्कूर तलावात अशीच मांडणी आहे: केंद्रातून आलेलं पाणी आधी पाणवनस्पतींच्या पट्ट्यातून जातं, मग तलावात.

गाळात साठलेली जुनी उधारी

बाहेरची घाण बंद झाली तरी उथळ तलाव वर्षानुवर्षं हिरवेच राहतात. स्वीडनमधल्या वेक्शो शहरातला ट्रुमेन तलाव याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण आहे. तिथे सांडपाणी १९५० च्या दशकाच्या अखेरीस थांबवलं, पण दहा वर्षांनंतरही शेवाळ हटलं नाही. कारण तळाच्या गाळात मुरलेला फॉस्फरस पुन्हा पुन्हा वर येत होता. गाळातला फॉस्फरस बराचसा लोहाशी बांधलेला असतो. तळाजवळचा ऑक्सिजन संपला की ही बांधणी सुटते आणि फॉस्फरस पाण्यात मिसळतो. ट्रुमेनमध्ये १९७० आणि १९७१ मध्ये दर वर्षी सुमारे अर्धा मीटर गाळ शोषून काढला. गाळासोबत आलेलं पाणी कुंडांत निवळून, त्यातला फॉस्फरस ॲल्युमिनियम सल्फेटनं काढून मगच परत सोडलं. त्यानंतर पाणी सुधारलं.

गाळ काढण्याआधी तळाचं मोजमाप हवं. होडीतून खोलीमापक यंत्रानं आडव्या-उभ्या रेघा मारत तळाचा नकाशा तयार करतात, आणि पारदर्शक नळी खुपसून गाळाचे उभे नमुने घेतात. कुठल्या थरात फॉस्फरस जास्त आहे, शिसं-कॅडमियमसारखे जड धातू आहेत का, आणि गाळाखाली घट्ट चिकणमाती किती खोलीवर लागते, हे त्यातून कळतं. शेवटचा मुद्दा अनेकदा विसरला जातो. ती चिकणमाती म्हणजे तलावाचं अस्तर. यंत्रानं ते खरवडलं तर पाणी जमिनीत झिरपून जातं.

मापही डोळ्यासमोर हवं. १० हेक्टरवरून अर्धा मीटर गाळ म्हणजे ५० हजार घनमीटर, म्हणजे १० घनमीटरच्या ट्रकच्या ५,००० फेऱ्या. हा गाळ सुकवायला जागा कुठे? ट्रक कोणत्या रस्त्यानं जाणार? धातू जास्त निघाले तर तो शेतात किंवा बागेत टाकता येत नाही, मग नेणार कुठे? ही उत्तरं निविदेआधी मिळाली नाहीत तर गाळाचे ढीग काठावरच राहतात आणि पुढच्या पावसात परत आत जातात. दुसरी चूक म्हणजे सगळा तळ सरसकट एका खोलीला नेणं. पाणवनस्पती, माशांची पिल्लं आणि चिखलात चरणारे पक्षी यांना उथळ कडा लागतात. किमान एक बाजू मुद्दाम उथळ सोडावी.

गाळ न काढता त्यातला फॉस्फरस जागच्या जागी बांधून ठेवायची पद्धतही आहे. तलावात तुरटीच्या जातीचे ॲल्युमिनियमचे क्षार मोजून सोडतात. ते पाण्यातून खाली बसताना फॉस्फरस पकडतात आणि गाळावर पातळ थर धरतात. मात्रा गाळाच्या आणि पाण्याच्या चाचणीवरून ठरते. पाण्याचा पीएच ६ ते ८ च्या दरम्यान राहिलाच पाहिजे, नाहीतर विरघळलेलं ॲल्युमिनियम माशांना मारतं. म्हणून हे काम जाणकाराच्या देखरेखीशिवाय कधीही करू नये. आणि बाहेरून येणारा फॉस्फरस चालूच असेल तर हा थर एक-दोन पावसाळ्यांत नव्या गाळाखाली गाडला जातो.

कारंज्यांबद्दल स्पष्टच सांगायला हवं. कारंजं वरचं थोडं पाणी उडवतं. तळाशी ऑक्सिजन नेत नाही आणि फॉस्फरसला हातही लावत नाही. शोभेसाठी हवं तर जरूर बसवा, पण आराखड्यात ‘जलशुद्धी’ या शीर्षकाखाली त्याचा खर्च टाकू नका. बाटलीतून ओतायच्या जिवाणूंच्या द्रावणांनाही हीच कसोटी लावा: एकूण फॉस्फरस तलावाबाहेर गेला की आतच राहिला, हे विकणाऱ्यानं मोजून दाखवावं.

काय मोजायचं आणि कसं

प्रयोगशाळेशिवायही उपयोगी मोजमाप होतं. सेक्की तबकडी म्हणजे २० सेंटिमीटर व्यासाची, एकाआड एक काळ्या-पांढऱ्या चार भागांची वजनदार चकती, खुणा केलेल्या दोरीला बांधलेली. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान होडीच्या सावलीच्या बाजूनं ती खाली सोडायची. दिसेनाशी झाली की खोली लिहायची, वर ओढताना पुन्हा दिसली की खोली लिहायची, दोन्हींची सरासरी म्हणजे पारदर्शकता. गॉगल काढून ठेवायचा. ठिकाण दर वेळी तेच, शक्यतो सर्वांत खोल जागा. रॉबर्ट कार्लसन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या निर्देशांकावर २ मीटर पारदर्शकता म्हणजे ५० गुण, १ मीटर म्हणजे ६०, अर्धा मीटर म्हणजे ७०. पारदर्शकता निम्मी झाली की १० गुण वाढतात, आणि जितके गुण जास्त तितकं शेवाळ जास्त. एक सावधगिरी: पावसानंतर मातीनं गढूळ झालेल्या पाण्यात हा आकडा शेवाळाबद्दल काही सांगत नाही.

विरघळलेला ऑक्सिजन सूर्योदयाच्या आधी मोजायचा. दिवसा शेवाळ स्वतःच ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे दुपारी दोनचा आकडा झकास येतो. रात्रभर तेच शेवाळ आणि गाळातले जिवाणू ऑक्सिजन खातात आणि पहाटे तळ गाठला जातो. मासे मेलेले सकाळी दिसतात ते यामुळेच. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर बहुतेक माशांचं बरं चालतं; पहाटे ते २ मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर धोका अगदी जवळ आला आहे. वरून ३० सेंटिमीटरवर आणि तळापासून अर्ध्या मीटरवर, अशी दोन मापं घ्या. एकूण फॉस्फरस महिन्यातून एकदा प्रयोगशाळेकडून तपासून घ्या. लिटरमागे २४ मायक्रोग्रॅम म्हणजे कार्लसनच्या मापावर ५०, आणि ४८ म्हणजे ६०.

उथळ तलावांचं एक वागणं आधीच सगळ्यांना सांगून ठेवावं लागतं. त्यांच्या दोन टिकाऊ अवस्था असतात: पाणवनस्पती असलेलं नितळ पाणी, किंवा शेवाळानं भरलेलं गढूळ पाणी. मधल्या जागी ते फार काळ थांबत नाहीत. त्यामुळे फॉस्फरस कमी होत असतानाही काही वर्षं डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, आणि मग एखाद्या हंगामात पाणी एकदम नितळ होतं. तळापर्यंत उजेड पोचला की पाण्याखाली वनस्पती उगवतात. लगेच तक्रारी येतात की तलावात गवत माजलं, ते काढून टाका. ते सगळं उपटलं तर गाळ ढवळला जातो, बारीक जलचरांचा आसरा जातो आणि पाणी पुन्हा हिरवं होतं. होड्यांसाठी आणि पोहण्यासाठी ठरलेल्या वाटा मोकळ्या करायच्या, बाकीच्या वनस्पती राहू द्यायच्या. जलपर्णीची गोष्ट वेगळी. ती पाण्यावर तरंगून उजेड अडवते, म्हणून ती काढायचीच. आणि काढलेली काठावर सडू न देता पाणलोटाच्या बाहेर न्यायची, नाहीतर तिच्यातला फॉस्फरस परत आत येतो.

माशांचाही यात वाटा असतो. कॉमन कार्पसारखे तळ उकरणारे मासे गाळ सतत ढवळत ठेवतात. असे मासे फार झाले तर वनस्पती रुजत नाहीत. तलावात कोणती जात सोडायची हा निर्णय पाण्याच्या उद्दिष्टाशी जोडून घ्यायचा आणि मासेमारी करणाऱ्यांना बरोबर घेऊन घ्यायचा. कोणती जात वाढली, कोणती नाहीशी झाली, हे इतर कुणाहीपेक्षा त्यांना आधी कळतं.

नाल्याच्या तोंडाशी

सांडपाणी थांबल्यावर उरतं पावसाचं पाणी. ते तलावात पोचण्याआधी दोन जागी थांबायला हवं. पहिलं गाळकुंड: खोल, कडक तळाचं, यंत्र उतरेल असा उतार असलेलं, तोंडाशी कचऱ्याची जाळी. जड माती इथे बसते. दुसरी पाणथळ: १५ ते ४५ सेंटिमीटर खोलीची, पाणकणीस आणि लव्हाळ्यासारख्या वनस्पतींची, रुंदीच्या किमान तिप्पट लांबीची. तिथे पाणी एक ते तीन दिवस रेंगाळावं. जागा पाणलोटाच्या १ ते ३ टक्के लागते. आपल्या कल्पनेतल्या तलावाला २ ते ६ हेक्टर, म्हणजे सोपं नाही. एकाच ठिकाणी नसेल तर वरच्या मैदानांत, शाळांच्या आवारांत, रस्त्याकडेच्या पट्ट्यांत ती विभागून मिळवावी लागते. बागेची आखणी करणारे आणि नाल्यांचं काम पाहणारे एकाच टेबलाशी हवेत ते यासाठी.

बिघाड ठरलेले आहेत. गाळकुंड निम्मं भरलं की रिकामं करायचं असतं. ते कुणी केलं नाही तर पुढचा लोंढा जुना गाळ उचलून तलावात नेतो. पाणथळीत पाणी सगळीकडे पसरण्याऐवजी एकच चाकोरी पाडून सरळ निघून जातं, तेव्हा तिथे असूनही तिचा उपयोग नसतो. आणि वनस्पती कधीच कापल्या नाहीत तर त्या मरून सडतात व घेतलेलं परत देतात.

काठ आणि बाग

सिएटलमधल्याच ग्रीन लेकची हकिगत बाग आखणाऱ्या प्रत्येकानं वाचावी. १९११ मध्ये बागेसाठी जमीन मिळावी म्हणून त्या तलावाची पातळी सुमारे २ मीटरनं उतरवली. जमीन मिळाली, पण तलावातून निघणाऱ्या रेव्हेना ओढ्याचा उगमच तुटला आणि तलावाचं वाहतेपण गेलं. उथळ, साचलेल्या पाण्यात शेवाळ हा कायमचा प्रश्न झाला. १९९१, २००४ आणि २०१६ अशा तीन वेळा तिथे ॲल्युमिनियमचे उपचार करावे लागले. बाग सुंदर आहे आणि गर्दीनं फुललेली असते. त्या एका निर्णयाची किंमत मात्र अजून चुकती होते आहे. म्हणून पाण्याची पातळी आणि येणारे-जाणारे प्रवाह हे बागेच्या नकाशाआधी ठरवायचे आणि नंतर हलवायचे नाहीत.

उभी दगडी भिंत बांधली की पाणी आणि जमीन यांच्यामधला सगळ्यात जिवंत पट्टा नाहीसा होतो, आणि पाण्यात पडलेल्या मुलाला वर यायला जागा राहत नाही. सहा फुटांना एक फूट किंवा त्याहून सौम्य उतार ठेवला तर वनस्पती धरतात आणि काठ सुरक्षित राहतो. पाण्यालगत १५ ते ३० मीटरचा दाट, न कापलेला वनस्पतींचा पट्टा हवा. त्यात हिरवळ नको. हिरवळीला खत घालावं लागतं आणि ते पहिल्या पावसात उतरून येतं. चालण्याचा पट्टा या झाडोऱ्याच्या बाहेरच्या कडेनं न्यावा, पाणी मुरेल असा करावा, आणि ठरावीक चार-पाच जागी पाण्यापर्यंत उतरणाऱ्या वाटा द्याव्यात. त्यातली निदान एक चाकाच्या खुर्चीला चालेल अशी हवी. किनाऱ्याचा एक मोठा तुकडा, शक्य तर तिसरा हिस्सा, माणसांसाठी बंद ठेवावा. तलावाला पूर्ण फेरी मारता आलीच पाहिजे हा आग्रह सोडणं लोकांना जड जातं, पण पक्ष्यांना घरटी करायला तेवढीच जागा उरते. दिवे पिवळसर, खाली तोंड असलेले, पाण्यावर प्रकाश न टाकणारे. वाहनतळाचं पाणी थेट तलावात नको. ते आधी झाडोऱ्यातून जाऊ द्यावं.

कोण ठरवणार, कोण सांभाळणार

लोकांनी उद्दिष्ट ठरवावं, तज्ज्ञांनी त्याची किंमत आणि वेळ सांगावी. पोहायचं आहे, मासे धरायचे आहेत, पक्षी हवेत की फक्त वास नको, यातलं प्रत्येक उद्दिष्ट वेगळा आकडा मागतं. उदाहरणार्थ, कॅनडाच्या मार्गदर्शक नियमांत पोहण्याच्या पाण्यासाठी पारदर्शकता किमान १.२ मीटर मानली आहे. ‘स्वच्छ, सुंदर तलाव’ असं लिहिलेला आराखडा यशस्वी झाला की फसला, हे कुणीच सांगू शकत नाही. ‘सातव्या वर्षापर्यंत कोरड्या महिन्यांत पारदर्शकता १.२ मीटरच्या वर’ असं लिहिलं की सांगता येतं.

वर्षांची मांडणी साधारण अशी बसते. पहिली दोन वर्षं मोजमाप, हद्दीची कायदेशीर आखणी आणि चुकीच्या जोडण्यांचा शोध. पाचव्या वर्षापर्यंत सांडपाणी बंद आणि गाळकुंडं-पाणथळी तयार. त्यानंतर, आणि बाहेरचा फॉस्फरस खरंच उतरल्याचं मोजून दिसल्यावरच, गाळाचं काम. काठ आणि पट्टा त्यापुढे. मधल्या काळात लोकांना काहीच मिळालं नाही तर त्यांचा विश्वास उडतो, म्हणून सावलीची झाडं, कच्ची पायवाट, दोन-तीन बैठकीच्या जागा अशी पुढच्या कामांच्या आड न येणारी कामं पहिल्याच वर्षी करावीत. झाडांना तशीही वाढायला वर्षं लागतात.

आराखड्यात जर-तरची पानं हवीत. पारदर्शकता सलग दोन महिने ठरलेल्या आकड्याखाली गेली तर आठवड्याच्या आत सगळी तोंडं तपासायची. सांडलेल्या हिरव्या ऑइलपेंटसारखा तवंग दिसला तर त्याच दिवशी पाण्यात उतरणं बंद, कुत्र्यांनाही मज्जाव, आणि नमुना शेवाळाच्या विषाच्या तपासणीला. पहाटेचा ऑक्सिजन २ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर तळाशी हवा सोडणारे पंप कुणी, कुठून आणायचे. हे संकटाच्या दिवशी ठरवायला बसलं तर उशीर झालेला असतो.

देखभालीला दर वर्षी पाणथळी आणि कुंडांच्या बांधकाम खर्चाच्या साधारण ३ ते ५ टक्के धरावे लागतात. ही रक्कम बांधकामाच्या मंजुरीतच वेगळ्या कायमनिधीत घालून घ्या. उद्घाटनानंतर मागायला गेलं तर ती मिळत नाही. करारात ‘वेळोवेळी सफाई’ असं न लिहिता प्रत्येक गाळकुंडात खुणेची उभी पट्टी बसवा, आणि गाळ त्या खुणेला टेकला की १५ दिवसांत उपसा, असं लिहा. खूण कुणालाही वाचता येते, त्यामुळे तक्रार करायला अभियंता लागत नाही.

आराखडा राबवणाऱ्या समितीतली माणसं २० वर्षं तीच राहणार नाहीत. म्हणून तोंडांचे क्रमांक असलेला नकाशा, मोजमापांची वही, कुंडांच्या उपशाच्या तारखा, जमिनीची कागदपत्रं आणि सांडव्याच्या दाराची किल्ली कुणाकडे आहे याची नोंद दोन जागी ठेवावी: एक प्रत समितीकडे, एक नगरपालिकेच्या दप्तरी. मोजणारी माणसं जोडीनं नेमावीत, एक जुनं आणि एक नवं. दर पाच वर्षांनी पाणलोटाचा नकाशा नव्यानं काढावा. तेवढ्या काळात वर नवी घरं, नवे रस्ते झालेले असतात आणि पावसाचा ४० टक्के वाहून येण्याचा अंदाज ५० किंवा ६० वर गेलेला असतो. त्यानुसार कुंडांची आणि पाणथळींची मापं पुन्हा मांडावी लागतात, आणि वाढीव जागा मिळवायची असेल तर ती वरच्या भागात बांधकामाची परवानगी देतानाच राखून घ्यावी लागते.